जुनाट कास : श्वासाची शंका आणि वैद्याचे कर्तव्य

आपल्या चिकित्सालयात रोज येणाऱ्या रुग्णांपैकी खोकल्याचा रुग्ण हा आपल्या सर्वांत परिचयाचा. ऋतुसंधी आली की त्याची संख्या वाढते, आपला हातही सवयीने सितोपलादीकडे, तालीसादीकडे, वासावलेहाकडे वळतो आणि बहुतांशी रुग्णाला उपशयही मिळतो. परंतु अतिपरिचयाचा दोष असा की, परिचित वस्तूकडे आपण पुन्हा निरखून पाहत नाही. आठ-दहा दिवसांत बरा होणारा कास आणि महिनोन्महिने रेंगाळणारा कास यांच्याकडे आपण एकाच नजरेने पाहतो. या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णासंबंधी, विशेषतः ज्याच्या खोकल्याआड तमकश्वास दडलेला असू शकतो अशा रुग्णासंबंधी, काही विचार व्यवसायबंधूंसमोर मांडावेत असे बरेच दिवस मनात होते. त्यास निमित्त झाले ते माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीचे. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

एक अनुभव

प्राथमिक शाळेत शिकविणाऱ्या एक भगिनी, वय ३८, दिवाळीनंतर माझ्याकडे आल्या. तक्रार एकच, कोरडा खोकला. कफ जवळजवळ नाही, ज्वर नाही, भूक बरी, वजन स्थिर. खोकल्याची उबळ आली की छाती व बरगड्या दुखत, आवाज बसे. श्रवणयंत्राने छाती तपासली. घुर्घुर शब्द नव्हता. वातज कासाची लक्षणे सरळ दिसत होती. मी घृत-मधासह सितोपलादी, यष्टिमधु, कंटकारी, उरःप्रदेशी सैंधवयुक्त तैलाचा अभ्यंग व स्वेदन अशी योजना केली. आठ दिवसांत बरे वाटले. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. कल्प बदलला, पुन्हा बरे वाटले, पुन्हा उलटले. असे चार महिने गेले. दर वेळी मी औषध बदलत होतो. निदान मात्र बदलले नाही, आणि ते तपासूनही पाहिले नाही.

फेब्रुवारीत शेतावर हुरड्याचा कार्यक्रम होता. आगटीच्या धुराजवळ त्या तासभर बसल्या आणि त्याच रात्री तीनच्या सुमारास त्यांना श्वास घेता येईना. घरच्यांनी गाडी करून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. पोहोचल्या तेव्हा ओठ निळसर झाले होते व एक वाक्य सलग बोलवत नव्हते. प्राणवायू, नेब्युलायझर व शिरेतील औषधे यांनी जीव वाचला. पंधरवड्याने त्या भेटीस आल्या. स्वरात राग नव्हता, पण प्रश्न सरळ होता. "डॉक्टर, हा दमा असू शकतो, असं तुम्ही मला एकदाही का नाही बोललात?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या दिवशी मी पुन्हा बसून त्यांचा इतिवृत्तान्त घेतला. खोकला मुख्यतः पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान येई. खडूची धूळ, फोडणीचा ठसका, थंड वारा, मोठ्याने हसणे, जिना चढणे या प्रत्येकाने उबळ येई. सकाळी उठल्यावर ओळीने शिंका येत. लहानपणी बाळदमा होता. आईला दमा होता. यांपैकी एकही गोष्ट त्यांनी माझ्यापासून लपविली नव्हती. मी ती विचारली नव्हती, इतकेच.

ग्रंथांनी दाखविलेले दोन मार्ग

या चुकीचे खापर शास्त्रावर फोडता येणार नाही. आपल्या ग्रंथांनी कासाकडे कधीही निरुपद्रवी व्याधी म्हणून पाहिलेले नाही. वाग्भटांनी अष्टांगहृदयाच्या निदानस्थानात कासाचे वर्णन तिसऱ्या अध्यायात केले आणि चौथ्या अध्यायात श्वासनिदानाचा आरंभच मुळी कासाच्या वृद्धीने श्वास होतो, या विधानाने केला. चरकाचार्यांनी निदानस्थानाच्या आठव्या अध्यायात एक व्याधी दुसऱ्या व्याधीचे निदान कसा होतो हे सांगताना प्रतिश्यायापासून कास आणि कासापासून क्षय अशी परंपरा दाखविली. ही दोन्ही स्थाने आपण विद्यार्थिदशेत पाठ केली, परीक्षेत लिहिली. व्यवसायात उतरल्यावर मात्र ती पुस्तकातच राहिली.

ही दोन वचने शेजारी ठेवून पाहिली की कासाचा रुग्ण तिठ्यावर उभा असल्याचे ध्यानी येते. एक मार्ग प्रकृतिस्थापनाकडे जातो, दुसरा श्वासाकडे, तिसरा क्षयाकडे. बहुसंख्य रुग्ण पहिल्या मार्गाने जातात म्हणूनच उरलेल्या दोन मार्गांचा आपल्याला विसर पडतो. जुनाट कासाच्या रुग्णाला प्रथम कोणता कल्प द्यावा, हा प्रश्न नंतरचा. तो यांपैकी कोणत्या वाटेवर आहे, हा प्रश्न आधीचा.

तमकश्वासाचे चरकोक्त वर्णन ज्यांना स्मरते, त्यांना शंका घेण्यास पुरेशी सामग्री तेथेच मिळेल. निजल्यावर वाढणारा व बसल्यावर कमी होणारा त्रास, उष्णाची आवड, अभ्राच्छादित दिवस, शीत व पूर्वेचा वारा यांनी होणारी वृद्धी, कफ सुटला की मिळणारा तात्पुरता आराम आणि पीनसाशी असलेले साहचर्य, हे सारे त्यात आहे. श्वासाच्या हेतूंमध्ये धूळ, धूर आणि वारा यांचा निर्देश तर अगदी आरंभीच केलेला आहे. माझ्या रुग्णेच्या इतिवृत्तान्तात यांतील बहुतेक गोष्टी होत्या. नव्हता तो केवळ घुर्घुर शब्द, आणि त्या एका लक्षणाच्या अभावावर मी चार महिने विसंबून राहिलो.

केवळ खोकल्याच्या रूपाने येणारा दमा

घुर्घुर नाही म्हणजे दमा नाही, ही समजूत आधुनिक वैद्यकातही दीर्घकाळ होती. १९७९ साली अमेरिकेतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात, ज्यांच्यात जुनाट खोकला हेच दम्याचे एकमेव प्रकट लक्षण होते अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर या प्रकाराला सर्वत्र मान्यता मिळाली. यात श्वासनलिका संवेदनशील झालेल्या असतात, परंतु त्यांचा संकोच घुर्घुर ऐकू येण्याइतका नसतो. योग्य उपचार न झालेल्या अशा रुग्णांपैकी काहींना पुढे पूर्ण स्वरूपाचा दमा होतो. वाग्भटांनी सांगितलेला क्रम याहून निराळा नाही.

म्हणून प्रौढांमध्ये ८ आठवड्यांहून अधिक आणि बालकांमध्ये ४ आठवड्यांहून अधिक काळ खोकला टिकला, तर पुढील प्रश्न विचारल्यावाचून औषध देऊ नये, असे मी स्वतःपुरते ठरविले आहे. खोकल्याने रात्री वा पहाटे झोपमोड होते काय? धूर, धूळ, थंड हवा, व्यायाम, हसणे यांनी उबळ येते काय? शिंका, नाक वाहणे, डोळ्यांची खाज, त्वचेवरील विचर्चिका यांचा इतिहास आहे काय? स्वतःला बालपणी वा रक्ताच्या नात्यात कोणाला दमा होता काय? विशिष्ट ऋतूत वा विशिष्ट ठिकाणी त्रास वाढतो काय? व्यवसाय कोणता? इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील यंत्रमाग, विदर्भातील जिनिंग, दगडखाणी, पिठाची गिरणी, बेकरी, केशकर्तनालय यांपैकी काही असेल तर सुट्टीच्या दिवशी खोकला कमी होतो का, हे अवश्य विचारावे. उपशय-अनुपशयाने निदान करण्याची आपलीच रीत येथे कामी येते.

उलटपक्षी, प्रत्येक जुनाट कास म्हणजे दमा असाही समज करून घेऊ नये. नाकाच्या मागून घशात उतरणारा स्राव व अम्लपित्त ही नेहमीची कारणे आहेत. श्वासव्याधीचा उद्भव पित्तस्थानातून सांगणाऱ्या चरकांना यातील दुसऱ्याचे नवल वाटले नसते. उच्च रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांसारखी औषधे घेणाऱ्यास त्या औषधानेच कोरडा खोकला होऊ शकतो. अशा रुग्णाला मूळ चिकित्सकाकडून औषध बदलून घेण्यास सांगावे. हृद्रोगात आडवे झाल्यावर खोकला व श्वास होतो. हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असलेल्या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत रात्रीचा खोकला व रक्तातील इओसिनोफिल पेशींची अतोनात वाढ दिसल्यास त्या कृमींमुळे होणाऱ्या फुप्फुसविकाराचा विचार करावा. त्याची चिकित्सा सर्वस्वी निराळी आहे. आणि धडधाकट बालकाला खेळता-खेळता वा खाता-खाता एकाएकी ठसका लागून नंतर खोकला राहिला असेल, तर शेंगदाणा किंवा चिंचोका श्वासनलिकेत अडकल्याची शंका घेऊन त्याला तत्काळ पुढे पाठवावे. तेथे कोणताही अवलेह उपयोगी पडत नाही.

क्षयाचा विसर नको

तिठ्यावरील तिसऱ्या मार्गाबद्दल येथेच बोलले पाहिजे. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक-चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या निकषानुसार दोन आठवडे वा अधिक काळ खोकला असलेल्या प्रत्येक व्यक्तीची क्षयासाठी तपासणी व्हावयास हवी. थुंकीची तपासणी व जनुकीय चाचणी शासकीय केंद्रांत विनामूल्य होते. क्षयरुग्णाची नोंद शासनाला कळविणे २०१२ सालापासून बंधनकारक आहे. रुग्णाला उपचारकाळात पोषणासाठी दरमहा मिळणारे साहाय्य २०१८ साली ५०० रुपये होते; २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १००० रुपये झाले आहे. आपण चिठ्ठी न दिल्याने रुग्ण निदानाला मुकतो, त्याचबरोबर हक्काच्या साहाय्यालाही मुकतो.

दोन आठवडे आणि आठ आठवडे या दोन मुदतींची गल्लत होऊ नये. दमा आहे की नाही हे ठरविण्यासाठी काही काळ निरीक्षण करता येते. क्षयाच्या तपासणीसाठी थांबण्याचे कारण नाही. सायंकालीन ज्वर, भारक्षय, रक्तष्ठीवन असल्यास तर एक दिवसही नाही. दमा समजून दिलेल्या, किंवा पुडीतून नकळत पोटात गेलेल्या, स्टेरॉइडमुळे सुप्त क्षय उफाळून येतो, हेही लक्षात ठेवावे.

मोजणे हे परकीय नव्हे

येथे काही ज्येष्ठ वैद्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे. स्पायरोमेट्री, पीक फ्लो मीटर, क्ष-किरण यांच्या मागे लागून वैद्याने आपली नाडी, आपले दोष-दूष्यविवेचन सोडावे काय? आक्षेपामागची कळकळ मला मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील दशविध परीक्ष्य भावांमध्ये प्रकृती, विकृती, सार, संहनन यांच्या पंक्तीला 'प्रमाण' आहे. शरीराच्या अवयवांची अंगुलिमापे चरकांनी तेथे एकेक करून दिली आहेत. बल जाणण्यासाठी शरीर मोजणाऱ्या आचार्यांना उच्छ्वासाचा वेग मोजण्याचे वावडे असते, असे मानण्यास आधार नाही. ज्या श्रवणयंत्राने आपण सर्वजण छाती तपासतो, तेही फ्रान्समध्ये १८१६ साली लेनेक यांनी तयार केले. ते गळ्यात घालताना आपले आयुर्वेदीयत्व उणावत नसेल, तर १९५९ साली इंग्लंडमध्ये राइट यांनी वर्णिलेल्या पीक फ्लो मीटरने ते कसे उणावेल?

हे यंत्र प्लास्टिकची एक साधी नळी आहे. त्याला वीज लागत नाही, किंमतही सामान्य चिकित्सालयाला परवडणारी आहे. रुग्णाने उभे राहून खोल श्वास घ्यावा, ओठ घट्ट मिटून एका झटक्यात पूर्ण जोराने फुंकावे. असे तीनदा करून सर्वांत मोठा आकडा नोंदवावा. सकाळी व सायंकाळी, दोन आठवडे. प्रत्येक दिवसाच्या दोन आकड्यांतील फरक त्यांच्या सरासरीच्या किती टक्के आहे हे काढावे आणि त्या टक्केवारीची पुन्हा सरासरी घ्यावी. प्रौढात ती १० पेक्षा व बालकात १३ पेक्षा अधिक आली तर दम्याची शंका बळावते. उदाहरणार्थ, सकाळी ३०० व सायंकाळी ३६० असा आकडा असेल तर फरक ६०, सरासरी ३३० आणि त्या दिवसाची टक्केवारी सुमारे १८. दम्याचे मर्म या चढउतारात आहे. म्हणूनच एका दिवशी केलेली स्पायरोमेट्री प्राकृत आली म्हणजे दमा नाहीच, असा निर्वाळा देता येत नाही. केवळ कासरूपाने येणाऱ्या दम्यात तर ती बहुधा प्राकृतच येते. अशा वेळी छातीविकारतज्ज्ञाकडून पुढील चाचण्या करवून घ्याव्यात.

मोजण्याचा दुसरा लाभ आपल्या चिकित्सेला आहे. 'बरे वाटते' हे रुग्णाचे वाक्य मौल्यवान आहे, पण त्यावर शास्त्र उभे राहत नाही. आपल्या औषधाने सकाळचा आकडा महिन्याभरात वाढला की नाही, हे वहीत दिसू लागले तर आपलाच आत्मविश्वास सकारण होईल; वाढला नाही तर आपण वेळीच सावध होऊ.

टेकू काढण्याची घाई

त्या शिक्षिका भगिनींची कथा येथे संपली नाही. रुग्णालयातून त्यांना श्वासावाटे घ्यावयाचे औषध, ज्याला लोक 'पंप' म्हणतात, सुरू करून देण्यात आले होते. त्यांचा रात्रीचा खोकला तीन आठवड्यांत जवळजवळ थांबला. पुढे एका नातलगाच्या आग्रहाने त्या दुसऱ्या एका वैद्यांकडे गेल्या. तेथे त्यांना सांगण्यात आले, "आधी पंप सोडा, नाहीतर आमचे औषध लागू पडणार नाही." सुदैवाने त्या विचारण्यासाठी माझ्याकडे आल्या.

असे वाक्य आपल्यापैकी अनेकांच्या तोंडून निघते, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्याच्या समर्थनार्थ पंपाची सवय लागते, त्यात स्टेरॉइड असते, हे शेवटचे औषध आहे असे सांगितले जाते. यातील स्टेरॉइडचा भाग खरा आहे, पण मात्रेचा विचार केल्यावाचून द्रव्याला दोष देणे वैद्याला शोभत नाही. एका फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅम औषध असेल, तर ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीतील द्रव्याचे वजन त्याच्या २५ पट आहे. शिवाय फवाऱ्यातील औषध थेट विकृतिस्थानी पोहोचते. दोन द्रव्यांचे वीर्य सारखे नसते हे खरे, तथापि पंपाला भिणारा रुग्ण निःशंकपणे कोणती गोळी वा पुडी गिळतो याचा अंदाज यावरून यावा. औषध घेतल्यावर चूळ भरणे, योग्य रीतीने श्वास ओढणे, लहानग्यांना स्पेसर देणे या गोष्टी शिकविल्या तर मुखपाक व स्वरभेद यांसारखे उपद्रव पुष्कळ टळतात.

उलट, ज्या निळ्या पंपाने झटकन आराम मिळतो त्यावरच वर्षानुवर्षे विसंबणे धोक्याचे आहे. त्याने संकोच सुटतो, मूळचा शोथ तसाच राहतो. म्हणूनच दम्यासंबंधीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ सालापासून केवळ अशा तात्पुरत्या औषधावर चिकित्सा करू नये, असे सांगितले आहे. आपला रुग्ण कोणता पंप किती वेळा घेतो, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. आराम देणारा पंप महिन्याला एक संपत असेल तर ती धोक्याची घंटा समजावी.

तमकश्वास याप्य आहे. नवोत्पन्न असेल तरच साध्य, हा चरकांचा निर्णय आहे. सुश्रुताचार्यांनी याप्य व्याधीच्या चिकित्सेला कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूची उपमा दिली आहे. रुग्णाच्या छातीला आज जो टेकू आहे तो आपण लावला की दुसऱ्या शास्त्राच्या चिकित्सकाने लावला, हा वाद घर उभे असेतोवर करता येईल. भिंती दुरुस्त होण्याआधी टेकू ओढून काढणारा सुतार शहाणा म्हणता येणार नाही. मात्रा कमी करावयाची असेल तर ती आकड्यांवर लक्ष ठेवून, काही महिने स्थैर्य दिसल्यानंतर, औषध देणाऱ्या चिकित्सकाच्या सल्ल्याने व क्रमाक्रमाने व्हावी. दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्याने त्या अचानक बंद केल्यास प्राणसंकट ओढवू शकते.

याच न्यायाने 'दमा मुळासकट बरा' अशा जाहिरातींविषयीही आपण बोलले पाहिजे. ज्याला आपल्याच आचार्यांनी याप्य म्हटले, त्याचे समूळ उच्चाटन करण्याची हमी आयुर्वेदाच्या नावाने दिली जाते आणि आपण गप्प राहतो. अशा काही निनावी पुड्यांमधून स्टेरॉइड मिसळलेले आढळते. पुडीने दोन दिवसांत जादू होते, चेहरा गोल होतो, रक्तातील साखर वाढते आणि बदनामी शास्त्राची होते.

आपल्या चिकित्सेचे स्थान

मग वैद्याने करावयाचे काय? पुष्कळ आहे. निदानपरिवर्जन हे आपले पहिले शस्त्र, आणि त्यासाठी जितका वेळ आपण रुग्णाला देऊ शकतो तितका क्वचितच कोणी देतो. चुलीचा धूर, डासांची उदबत्ती, देवघरातील धूप, पाचट जाळणे, गाद्या-गोधड्यांतील धूळ, कोकणातील पावसाळी ओलीने भिंतींवर येणारी बुरशी, रस्त्याकडेचे गाजरगवत, रात्रीचे दही, थंड पेये, दिवास्वाप यांची रुग्णनिहाय यादी करून देणे हीच अर्धी चिकित्सा आहे. वेगरहित काळात अग्निदीपन, प्रतिश्यायाची नेटकी चिकित्सा, अभ्यंग-स्वेदन, बलवान व कफप्रधान रुग्णात योग्य ऋतूत शोधन आणि त्यानंतर रसायन, हा क्रम आपल्यापाशी आहे. पुष्करमूळ, शटी, भूम्यामलकी, तुळस यांचा समावेश असलेला श्वासहर आणि कंटकारी, पिप्पली, कर्कटशृंगी यांचा समावेश असलेला कासहर असे दोन स्वतंत्र महाकषाय चरकांनी दिले आहेत. भूम्यामलकी मात्र दोन्हींत आहे. अडुळशातील व्हॅसिसिनच्या अभ्यासातून ब्रोमहेक्सिन हे आधुनिक औषध पुढे आले, हेही अभिमानाने सांगावे.

परंतु सामर्थ्याबरोबर मर्यादाही सांगाव्यात. वेगावस्थेत, दुर्बल, वृद्ध, गर्भिणी वा हृद्रोगी यांना वमन देण्याचे साहस करू नये. कनकासवात धत्तूर आहे, श्वासकुठारात वत्सनाभ व मनःशिला आहेत, सोमलतेने रक्तदाब व हृद्गती वाढते. हे कल्प 'आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक' या समजुतीने महिनोन्महिने देण्याचे नव्हेत. रुग्णाला वाक्य पुरे करवत नसेल, तो पुढे वाकून बसला असेल, पीक फ्लोचा आकडा त्याच्या नेहमीच्या सर्वोत्तम आकड्याच्या निम्म्याखाली गेला असेल, तर औषधांचा विचार न करता त्याला रुग्णालयात धाडावे. घुर्घुर एकाएकी ऐकू येईनाशी झाली आणि रुग्ण मात्र थकत चालला, तर तो उपशय नव्हे. हवा आत-बाहेर जाणेच मंदावल्याचे ते चिन्ह आहे.

खोकला दाबून टाकण्याच्या घाईचे भीषण रूप २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दिसले. दूषित कफ सिरपमुळे तेथील बालके दगावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपुरात आणले होते. ते सिरप आपल्या शास्त्राचे नव्हते, म्हणून आपण निश्चिंत राहू नये. खोकला म्हणजे बाटली हे समीकरण आपल्या चिकित्सालयांतही तितकेच रुजलेले आहे.

एक सूचना

कोजागरीच्या रात्री राज्यात अनेक ठिकाणी वैद्य व सेवाभावी मंडळी दम्याच्या रुग्णांना खिरीतून औषध देतात. दूरदूरचे रुग्ण श्रद्धेने येतात, रात्रभर जागतात. या परंपरेच्या गुणावगुणांची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. माझे म्हणणे इतकेच की, एरवी कोणत्याही तज्ज्ञाकडे न जाणारे शेकडो रुग्ण त्या रात्री आपल्या दारी असतात. आपल्या शाखांनी अशा प्रत्येक शिबिरात एक मेज मांडावे. तेथे प्रत्येक रुग्णाचा पीक फ्लो मोजून त्याच्या हाती लिहून द्यावा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असणाऱ्यास थुंकी-तपासणीची चिठ्ठी द्यावी. कोणीही आपला पंप बंद करू नये, हे ध्वनिक्षेपकावरून सांगावे. उघड्यावरच्या गारठ्यात व शेकोटीच्या धुरात रुग्ण बसणार नाहीत, याची दक्षता घ्यावी. याला लागणारा खर्च नगण्य आहे. लागतो तो केवळ संकल्प.

'दमा' हा शब्द उच्चारण्याची आपल्याला भीती वाटते, कारण रुग्णाला ती वाटते. मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, शेजाऱ्यांचे बोलणे या सर्वांचे ओझे त्या दोन अक्षरांवर आहे. म्हणून आपण 'ॲलर्जीचा खोकला', 'कफाची प्रकृती' अशा सौम्य शब्दांचा आश्रय घेतो. शब्द सौम्य झाल्याने व्याधी सौम्य होत नाही. निश्चित निदान नसेल तर तसे सांगावे, शंका असेल तर शंका सांगावी. व्याधीला नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, असे चरकांनी सूत्रस्थानात म्हटले आहे. दिसत असलेली शंका बोलून न दाखविण्याला मात्र त्यांनी कोठे मुभा दिलेली नाही.

त्या भगिनी आजही माझ्याकडे येतात. पंप सुरू आहे, त्याची मात्रा छातीविकारतज्ज्ञांनी निम्मी केली आहे. प्रतिश्यायाची व अग्नीची चिकित्सा माझी चालू आहे. वर्गात त्यांनी ओल्या फडक्याने फळा पुसण्याची पद्धत सुरू केली आहे. दर भेटीत त्या आकड्यांची वही पुढे ठेवतात आणि मी ती प्रथम वाचतो, नाडी त्यानंतर पाहतो. हा क्रम कोणास रुचणार नाही, कदाचित. व्यवसायबंधूंनी आपले अनुभव व मतभेद अवश्य कळवावेत. परंतु पुढील जुनाट कासाचा रुग्ण समोर बसला की औषधाची बाटली उचलण्यापूर्वी त्याला एक प्रश्न विचारावा, ही नम्र विनंती : रात्री झोप लागते ना?